कोल्हापुरातलं व्यसनमुक्ती केंद्र: चार स्टार दिलेत, एक का कापला ते पण लिहितो

पाचपैकी चार स्टार. जरा लांबण लावतो पण वाचा, कारण आम्ही केंद्र शोधत होतो तेव्हा जे रिव्ह्यू दिसत होते ते सगळे 'छान सेवा', 'निसर्गरम्य परिसर', 'जेवण घरच्यासारखं' असलेच होते आणि त्यातनं आपला माणूस तिथं ठेवायचा का नाही हे काही कळत नव्हतं. परिसर निसर्गरम्य असून पोराची नशा उतरत नाही. मी चार स्टार मुख्यतः एका गोष्टीसाठी दिलेत, की दाखल करून घेताना त्यांनी पहिला प्रश्न हा नेमकं काय काय घेतो, असा विचारला. आणि उत्तर मिळेपर्यंत सोडलं नाही.

केंद्राचं नाव टाकत नाही. पेशंट माझा भाचा आहे, बहिणीचा मुलगा, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेलं, आता कुठं परत माणसात यायला लागलंय आणि कोल्हापुरात कोण कुणाच्या ओळखीचं निघेल सांगता येत नाही. शहराच्या जरा बाहेर आहे एवढं पुरे. मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, डॉक्टर नाही, पण या सगळ्या भानगडीत जेवढं डॉक्टरांकडनं ऐकलं, डोळ्यानं बघितलं तेवढं लिहितोय.

याच्या आधी आम्ही त्याला दुसऱ्या एका ठिकाणी ठेवलं होतं, पाहुण्यातल्या एकानं सुचवलं म्हणून. तिथं गेल्या गेल्या मोबाईल काढून घेतला, डोकं भादरलं, आणि आम्हाला सांगितलं की इथं सगळ्यांना एकच औषध, ते म्हणजे शिस्त, पहाटे पाचला उठायचं, गार पाण्यानं आंघोळ, प्रार्थना, झाडलोट. दारू पिणारा, गांजावाला, गोळ्या खाणारा सगळे एकाच हॉलमध्ये आणि सगळ्यांचं सगळं त्याच दिवशी बंद. पहिल्यांदा वाटलं बरं आहे, कडक आहे. मग काही दिवसांतच रात्री फोन आला की पोराला फिट आली, घेऊन जावा. जाऊन बघतोय तर जीभ चावलेली, शर्टवर रक्त, आणि त्याला आपण कुठं आहे ते कळत नव्हतं. तिथनं थेट हॉस्पिटल. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर मॅडमनी आधी हेच विचारलं, "झोपेच्या गोळ्या खायचा का? किती? कधी बंद केल्या?" आणि आमच्या घरातल्या एकालाही सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, रोज भरपूर झोपेच्या गोळ्या खाणाऱ्याच्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, जीवावर बेतू शकतं, त्या हळूहळूच कमी कराव्या लागतात. दारूचं पण तसंच, रोज पिणाऱ्याची एका दिवसात तोडली तर थरथर, भास, फिट, सगळं होऊ शकतं.

म्हणून या केंद्रात आणायच्या आधी मी फोनवरच विचारलं होतं, डॉक्टर रोज येतात का आणि गोळ्यांची सवय असलेला पेशंट कसा हाताळता. समोरच्या माणसानं उत्तर द्यायच्या ऐवजी उलट मलाच विचारलं की कुठल्या गोळ्या, पाकीट असेल तर सोबत घेऊन या. तिथंच मला बरं वाटलं.

आता दाखल करतानाचं. छोटी खोली, टेबल, त्यावर चार पानी फॉर्म. काउन्सिलर मॅडमनी आधी आम्हाला बाहेर बसवलं आणि भाच्याशी एकट्याशी बोलल्या, कारण आई आणि मामासमोर कुठलं पोरगं खरं सांगणार. मग डॉक्टर आले, त्यांनी दोन्ही बाह्या वर करायला लावल्या, कोपराच्या आतली बाजू बघितली, पायाच्या बोटांच्या मधली जागा बघितली (सुया टोचणारे तिथं पण टोचतात म्हणे), टॉर्च मारून डोळ्याच्या बाहुल्या बघितल्या, नाकात टॉर्च मारला. नाकाच्या आतनं खपल्या धरल्या होत्या, लाल झालेलं. बीपी, ईसीजी, रक्त, त्यात एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या टेस्ट त्याची परवानगी घेऊन. मग बहिणीला म्हणाले, "ताई, जे काय सापडलंय ते टेबलावर काढा." बहिणीनं पिशवी उलटी केली. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, एक छोटी झिपची प्लास्टिकची पिशवी, रोलिंग पेपर, एटीएमचं जुनं कार्ड जे एका कडेला घासून पांढरं झालं होतं. डॉक्टरांनी पट्टीवरचं नाव मोठ्यानं वाचलं, नायट्राझेपाम, याला पोरं बटन म्हणतात. मग कार्ड उचललं आणि म्हणाले, यानं पावडर बारीक करून रेघ ओढत होता. म्हणजे एमडी (मेफेड्रोन नावाची नशेची पावडर), बटन आणि गांजा, तिन्ही. तोपर्यंत आम्ही समजत होतो की पोरगं गांजा ओढतंय आणि तेवढंच.

डॉक्टरांनी त्या तिघांची साखळी कशी लागते ते सांगितलं. एमडी घेतली की दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, मग झोप यावी म्हणून बटन, बटनानं दुसऱ्या दिवशी बधिर, चालताना झोकांड्या, मग अंगात तरतरी यायला परत पावडर, आणि हे सगळं शांत करायला संध्याकाळी गांजा. प्रत्येकाचा शरीरावरचा परिणाम वेगळा आणि प्रत्येकाची उतरण वेगळी, म्हणून औषध पण वेगळं. बटनाचं त्यांनी एकदम तोडलं नाही, त्याच जातीतली जास्त वेळ टिकणारी गोळी देऊन दर काही दिवसांनी डोस थोडा थोडा खाली आणला. गोळी नर्सच्या हातातनं, तिच्यासमोर पाणी प्यायचं, तोंड उघडून दाखवायचं. कपाटाची किल्ली सिस्टरच्या गळ्यात. एवढ्या बारीकसारीक गोष्टीत ती माणसं काटेकोर होती त्याचं मला फार अप्रूप वाटलं, कारण आधीच्या ठिकाणी औषधाचं कपाटच नव्हतं.

एमडीबद्दल जरा जास्त लिहितो कारण आपल्या भागात सध्या तेच घोंघावतंय. एमडी म्हणजे मेफेड्रोन, म्याव म्याव पण म्हणतात, फेब्रुवारी २०१५ पासून एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात, बंदी आहे. पार्टीतल्या एमडीएमए गोळीशी लोक याची गल्लत करतात, ते वेगळं केमिकल. ही कुठली परदेशातली, मुंबईतली गोष्ट नाही, २०२१ साली चंदगड तालुक्यात ढोलगरवाडीला फार्महाऊसवर एमडीचा कारखाना मुंबई पोलिसांनी पकडला, २०२४ मध्ये शेजारी सांगली जिल्ह्यात कुपवाडला आणि इरळीला मोठे साठे सापडले. म्हणजे माल इथंच बनत होता. घेतल्यावर पोरगं एकदम बोलकं होतं, आत्मविश्वास येतो, भूक मरते, जबडा आवळला जातो, दात खातं, घाम सुटतो, छातीत धडधड. चढलेली नशा थोड्या तासात उतरते आणि उतरायला लागली की लगेच परत घ्यावीशी वाटते, त्यामुळं एका रात्रीत परत परत ओढतात, हीच त्याची सगळ्यात वाईट खोड. मग संशय. भाचा खिडकीच्या फटीतनं गल्लीत बघत बसायचा, म्हणायचा की पांढऱ्या गाडीतली माणसं माझ्यावर नजर ठेवून आहेत. आम्हाला वाटलं कुणाशी भांडण झालंय. बहिणीनं तर गल्लीतल्या पोरांना विचारून पण घेतलं.

आणि एक फार महत्त्वाचं, बरेच आईबाप मेडिकलमधनं लघवी तपासायचं किट आणतात आणि रिपोर्ट क्लीन आला की निश्चिंत होतात. डॉक्टरांनी सांगितलं की साध्या पट्टीवर एमडी बऱ्याचदा येतच नाही. गांजा मात्र रोज ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे सुद्धा दिसतो कारण तो चरबीत साठतो. म्हणजे सोडलेल्या पोराला पट्टी खोटं पाडते आणि घेणाऱ्याला सोडते. पट्टीवर घरात न्यायनिवाडा करू नका.

एमडी बंद केल्यावर गर्दवाल्यांसारखं (ब्राऊन शुगर घेणारे) अंग मोडून येत नाही, पण पोरगं खचतं. पहिले काही दिवस भाचा नुसता झोपून होता, उठला की खायचा, परत झोपायचा. मग रडायला लागला, कशातच राम नाही म्हणायचा. काउन्सिलर मॅडमनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की या टप्प्यात मरणाचे विचार येतात, तेव्हा त्याला एकटं सोडत नाही, त्याचा बेड नर्सच्या टेबलासमोर घेतलाय. एमडीवर त्याच्या जागी द्यायचं असं काही ठरलेलं औषध नाही, झोप, जेवण, उदासीची गोळी लागली तर ती, आणि बोलत राहणं, एवढंच. हे त्यांनी साफ सांगितलं, उगीच इंजेक्शनं, सलाईन लावून बिल वाढवलं नाही, याला पण मी मार्क देतो.

गांजाच्या बाबतीत पोरांचं एक पाठ केलेलं वाक्य असतं, मामा ते नॅचरल आहे, झाडपाला आहे, त्यानं काय होत नाही. माझ्या भाच्यानं मला हेच ऐकवलं होतं. रविवारच्या पालकांच्या ग्रुपमध्ये डॉक्टरांनी यावर तासभर घेतला. ओढल्यावर डोळे लाल, तोंड कोरडं, भूक खवळते, वेळ हळू चालल्यासारखी वाटते, आत्ता सांगितलेलं आत्ता विसरतं, गाडी चालवताना अंदाज चुकतो. कमी वयात सुरू केलं आणि रोज ओढलं तर अभ्यास बसतो, आणि काही पोरांना वेड लागल्यासारखं होतं, कानात आवाज येतात, विशेषतः ज्यांच्या घराण्यात आधीच मानसिक आजार आहे त्यांना जोखीम जास्त. सोडल्यावर चिडचिड, झोप नाही, जेवण नाही, घामाघूम. वॉर्डात एक पोरगं होतं त्याला सारख्या उलट्या व्हायच्या आणि ते तास-तासभर गरम पाण्याखाली उभं राहायचं, घरच्यांनी पोटाच्या डॉक्टरांकडं पैसे घालवले होते, एंडोस्कोपी झाली होती, आणि शेवटी निघालं की वर्षानुवर्षं गांजा ओढणाऱ्यांपैकी काहींना असा उलट्यांचा आजार होतो, गरम पाण्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, बंद केलं की थांबतं. त्या पोराच्या वडलांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

गर्दवाले दोघेतिघे होते. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, अशुद्ध हेरॉईन, चांदीच्या कागदावर ठेवून खालनं लायटर लावायचा आणि धूर नळीनं ओढायचा, काहीजण सुईनं घेतात. सुरुवातीला सगळं दुःख, दुखणं, काळजी गायब, डोळे मिटून गुंगीत. मग थोड्या काळात गंमत संपते आणि नुसतं नॉर्मल राहायला पण घ्यावी लागते. चुकली की टर्की लागते, नाक गळायला लागतं, सारख्या जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडं फोडल्यासारखी दुखतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात आणि मग आठवडाभरात ओसरत जातं. मी तिथं बसलो असताना एकजण भिंतीला पाय लावून पडला होता आणि नुसते पाय झाडत होता. सिस्टर घड्याळ बघत होती, गोळी देत नव्हती. मला राग आला, म्हटलं अहो बघताय काय, द्या की काहीतरी. तिनं शांतपणे समजावलं की मामा, ही ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आहे, ही लवकर दिली तर टर्की आणखी भडकते, ती नीट सुरू झाल्यावरच द्यायची असते. मग थोड्या वेळानं तिनं गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली आणि विरघळेपर्यंत समोर स्टूल टाकून बसली, बोलू नको, गिळू नको म्हणत. तासाभरात त्या माणसाचे पाय थांबले आणि त्यानं चहा मागितला. मी हे आयुष्यात विसरणार नाही. आणि हाच माणूस आधीच्या ठिकाणी असता तर त्याला गार पाण्याखाली उभा केला असता.

गर्दवाल्यांच्या घरच्यांना डॉक्टर एक गोष्ट परत परत सांगत होते, ती इथं पण लिहितो कारण कुणाचा तरी जीव वाचेल. केंद्रातनं बाहेर पडल्यावरचे दिवस सगळ्यात धोक्याचे. शरीराची सवय मोडलेली असते आणि पोरगं पहिल्याइतकीच मात्रा घेतं, श्वास मंद होतो, ओठ निळे पडतात, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, घशातनं घोरल्यासारखा आवाज येतो आणि घरच्यांना वाटतं गाढ झोपलाय. झोपू देऊ नका, कुशीवर वळवा, लगेच १०८ ला फोन करा आणि काय घेतलंय ते लपवू नका, यावर नॅलोक्सोन नावाचं उतारा इंजेक्शन आहे पण डॉक्टरला कळलं तर तो देणार. कोडीनवालं खोकल्याचं सिरप पिणारे पण याच जातीतले, अफूचंच भावंड ते, बाटल्यांवर बाटल्या रिचवतात आणि घरच्यांना वाटतं पोराला कायम खोकला आहे.

आपल्या कोल्हापूरला लागू पडणारी अजून एक गोष्ट म्हणजे जिमची इंजेक्शनं. आपल्याकडं तालमीची परंपरा, अंग कमवायचा नाद पोरांना लहानपणापासून, आणि त्याचाच फायदा घेऊन काही जिमच्या आसपास मेफेंटरमाइनची इंजेक्शनं पोरांच्या गळ्यात मारतात. हे औषध ऑपरेशन थिएटरमधलं आहे, पाठीत भूल दिल्यावर पेशंटचं बीपी पडलं तर वाढवायला देतात, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको. पोरं ते व्यायामाच्या आधी टोचून घेतात, थकवा वाटत नाही, जोर आल्यासारखा वाटतो. वॉर्डात उंचापुरा, छाती भरलेला एक पोरगा होता, दंडावर टोचल्याच्या खुणा, बीपी इतकं की सिस्टर सारखी मोजत होती, झोप नाही, आणि स्वतःच्या आईनं जेवणात काहीतरी घातलंय म्हणून ताट ढकलायचा. यात गांजा नाही, गर्द नाही, एनडीपीएसची भीती नाही म्हणून पोरांना हे नशा वाटतच नाही. आणि एकच सुई चार जणांत फिरवली की एचआयव्ही, हिपॅटायटिस सी. मोतीबाग, गंगावेशच्या लाल मातीत मेहनत करून दूध, बदाम, थंडाई पिऊन पैलवान झालेत आपल्याकडं, हे बाटलीतलं बळ कुणी पोरांना विकत असेल तर त्या जिमच्या दारात आईबापांनीच जाऊन उभं राहावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर हुंगणारी लहान पोरं या केंद्रात घेत नाहीत, अठराच्या खालच्यांना मोठ्यांच्यात ठेवत नाही म्हणाले आणि ते बरोबरच आहे. त्यातलं टोल्युइन थेट मेंदूवर जातं, आणि हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी सुद्धा मृत्यू होऊ शकतो एवढं तरी सगळ्यांना माहीत पाहिजे. स्टँडच्या मागं रुमाल तोंडाला लावलेलं पोरगं दिसलं तर नाक मुरडून पुढं जाऊ नका, १०९८ या लहान मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावा.

राहणं-खाणं ठीक. भाकरी-भाजी, आमटी-भात, आठवड्यातनं एकदा अंडी. संडास स्वच्छ होते. गाद्या पातळ. खोलीत पंखे आहेत, एवढंच.

पैशाचं म्हणाल तर स्वस्त नाही, आमच्यासारख्याला महिन्याचं बिल जड गेलं, पण सुरुवातीला जे सांगितलं तेवढंच घेतलं, टेस्टचे वेगळे पैसे पावतीसकट. ज्यांना जमत नाही त्यांनी सरकारी दवाखान्यातला मानसोपचार विभाग आधी गाठावा, गोळ्या आणि तपासणी तिथं पण होते, सगळ्यांनाच भरती व्हायची गरज नसते, हे मला केंद्राच्याच डॉक्टरांनी सांगितलं. धंदा सोडून असं सांगणारा माणूस मला तरी कमी भेटलाय.

घरच्यांचा रविवारचा ग्रुप ही इथली सगळ्यात भारी गोष्ट. आम्ही सगळे गोल बसायचो, गडहिंग्लजची एक मावशी, इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले, जयसिंगपूरचं एक नवरा-बायकोचं जोडपं, आणि ज्यानं त्यानं आपापलं सांगायचं. बहिणीनं पहिल्या रविवारी तोंडच उघडलं नाही. दुसऱ्या वेळी तिनं सांगितलं की दागिने गेले ते तिला माहीत होतं, पण नवऱ्याला कळलं तर पोराला मारेल म्हणून ती गप्प राहिली. तिथल्या मॅडमनी तिला दोष दिला नाही. घरात पैसे कुठं ठेवायचे, खोटं बोलतोय असं वाटलं तर काय म्हणायचं, परत घेतली तर लगेच कुठं फोन करायचा, आरडाओरडा न करता कसं बोलायचं, असल्या रोजच्या गोष्टी शिकवल्या. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं १९८६ पासून महाराष्ट्रात ही पद्धत रुजवली, पेशंटसोबत घरच्यांना पण उपचारात घ्यायचं, आणि इथले दोन काउन्सिलर स्वतः आधी व्यसनातनं बाहेर पडलेले आहेत. त्यातला एक भाच्याला म्हणाला, "भावा, तू जे मला सांगणार आहेस ते मी माझ्या आईला सांगून झालंय." त्या दिवसापासनं भाचा त्याच्याशी मोकळा बोलायला लागला.

आता एक स्टार का कापला. डिस्चार्जनंतरचा पाठपुरावा ढिला आहे. पहिले काही आठवडे फोन आले, मग थांबले, आम्हीच लावत बसलो, आणि उचलणारा दर वेळी वेगळा, त्याला पोराची हिस्टरी माहीत नसायची. एवढी मेहनत आत घ्यायची आणि बाहेर पडल्यावर धागा सुटू द्यायचा हे पटत नाही, कारण खरी परीक्षा गल्लीत परत आल्यावर सुरू होते, जुने मित्र, जुना कट्टा, जुने नंबर. दुसरं म्हणजे बायकांसाठी इथं सोय नाही. ग्रुपमध्ये एक वडील लेकीसाठी विचारायला आले होते आणि त्यांना हात हलवत परत जावं लागलं. पोरी पण या जाळ्यात आहेत, घरचे फक्त बोलत नाहीत, आणि जागा नाही म्हटल्यावर त्यांनी जायचं कुठं? हे मी केंद्राच्या वहीत पण लिहून आलोय.

पोलिसांच्या भीतीनं बरेचजण आणतच नाहीत, म्हणून हे पण लिहितो. एनडीपीएस कायद्यात कलम ६४ अ आहे, सेवन किंवा थोड्याशा मालाच्या केसमध्ये अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर त्याच्यावर खटला चालत नाही, मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. विकणाऱ्याला ही सवलत नाही, आणि नसावीच. केंद्र निवडताना त्यांची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवायला सांगा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये साफ लिहिलंय की पेशंटला साखळीनं बांधता येत नाही, जबरदस्तीनं डोकं भादरता येत नाही. आमच्या पोराचं डोकं भादरलं तेव्हा आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

भाच्याचं सांगायचं तर बटन पूर्ण सुटलंय, शेवटचा पाव गोळीचा डोस बंद केला तेव्हा पण फिट आली नाही. गांजा सोडलाय म्हणतो आणि त्याच्या झोपेवरनं, जेवणावरनं मला ते खरं वाटतं. एमडीची तलफ अजून येते, स्वतःच सांगतो, पगाराच्या दिवशी जास्त. त्यानंच मालकाला सांगून पगार आईच्या खात्यात टाकायला लावलाय आणि खर्चाला रोजचे रोज मागून घेतो. संध्याकाळी माझ्याकडं वर्कशॉपवर येऊन बसतो, कट्ट्यावर जात नाही.

कुणाला तातडीनं लागत असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची केंद्र सरकारची टोल फ्री हेल्पलाइन आहे, आणि १९३३ वर माल विकणाऱ्याची माहिती पण देता येते. भरती करायला जाताना आधार कार्ड, जुने रिपोर्ट, चालू असलेल्या गोळ्या घ्या, आणि पोराच्या बॅगेत, गाडीच्या डिकीत, गादीखाली जी काही रिकामी पाकिटं, पट्ट्या, बाटल्या सापडल्या असतील त्या रागानं फेकून देऊ नका, सगळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, शेवटची मात्रा कधी घेतली ते पण कागदावर लिहून न्या.